पायांनी जपलेला वारसा

(नृत्य, संगीत यांसारख्या कला एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशा जातात, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, कविता वहीत लिहून ठेवता येते. चित्र भिंतीवर टांगता येते. पण नाच? नाच संपला की तो डोळ्यांसमोरून नाहीसा होतो. मग तो पुढच्या पिढीपर्यंत कसा पोहोचतो? कोणीतरी तो मनापासून शिकवावा लागतो आणि कोणीतरी तो शिकावा लागतो. अशा विद्येला तुमच्या उर्दूत 'सीना-ब-सीना' आलेली विद्या म्हणतात. अमेरिकेतील काही कृष्णवर्णीय स्त्रियांनी आपला नाच असाच जपला. त्यांची हकिकत ऐका.

न्यूयॉर्क शहरात हार्लेम नावाचा भाग आहे. तेथे १९२६ साली 'सॅव्हॉय बॉलरूम' हे मोठे नृत्यगृह सुरू झाले. त्या काळी हार्लेममधल्याच 'कॉटन क्लब'मध्ये कलाकार काळे असत. पण प्रेक्षक म्हणून गोऱ्यांनाच प्रवेश मिळे. सॅव्हॉयमध्ये असा भेद नव्हता. तेथे काळे आणि गोरे एकाच फरशीवर नाचत. वाद्यवृंद 'स्विंग' नावाचे जलद, डोलायला लावणारे संगीत वाजवी. त्या तालावर हार्लेमच्या तरुणांनी 'लिंडी हॉप' हे नृत्य घडवले. त्यात जोडीदार हात धरतात, मध्येच सोडतात, आपापल्या मनाप्रमाणे पावले टाकतात आणि नेमक्या तालावर पुन्हा एकत्र येतात.

सॅव्हॉयच्या मागच्या बाजूला नॉर्मा मिलर ही मुलगी राहत असे. तिचा जन्म १९१९ चा. वडील तिच्या जन्मापूर्वीच वारले होते. आई कष्ट करून मुलींना वाढवत होती. नृत्यगृहातील संगीत नॉर्माच्या घरापर्यंत ऐकू येई. आत जाण्याचे तिचे वय नव्हते. पण पाय काही स्वस्थ बसत नसत! १९३२ साली, ईस्टरच्या दिवशी, ती सॅव्हॉयच्या बाहेर नाचत होती. 'ट्विस्टमाउथ जॉर्ज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नामवंत नर्तकाने तिला पाहिले. त्याने तिला आत नेले आणि आपल्याबरोबर नाचायला उभे केले. तेव्हा ती बारा वर्षांची होती.

पुढे ती हर्बर्ट व्हाइट यांच्या नृत्यचमूत दाखल झाली. हा चमू १९३५ साली युरोपच्या दौऱ्यावर गेला. १९४१ सालच्या 'हेल्झापॉपिन' या चित्रपटात त्यांचे थक्क करणारे नृत्य आहे. ते आजही जगभर पाहिले जाते. पण त्यात या कलावंतांना नोकरचाकरांचे कपडे घालून नाचावे लागले. पडद्यावर चमूचे नाव आले, प्रत्येक नर्तकीचे नाव आले नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण कोणासाठी, हे त्यांना कळलेच नाही.

१९५८ साली सॅव्हॉय बंद झाले आणि लवकरच ती इमारतही पाडली गेली. लोकांना नवे संगीत, नवे नाच आवडू लागले. आता लिंडी हॉप संपणार, असे वाटू लागले. त्या वेळी लू पार्क्स या बाई पुढे आल्या. त्या पूर्वी सॅव्हॉयमध्ये काम करत. त्यांनी हार्लेमच्या मुलामुलींना हा नाच शिकवला, त्यांचा चमू उभारला आणि त्यांना परदेशीही नेले. सगळे त्यांना 'मामा लू' म्हणत. तिकडे 'मामा' म्हणजे आई बरे का! १९९० साली त्या वारल्या. पण त्यांचे शिष्य नाचत राहिले.

नॉर्मा मिलर यांनीही शिकवणे सोडले नाही. १९८० नंतर युरोपातील तरुणांना या नृत्याची ओढ लागली. स्वीडनमधील हेरेंग या गावच्या नृत्यशिबिरात नॉर्मा शिकवायला जात. तेथे पावलांबरोबर त्या सॅव्हॉयच्या गोष्टीही सांगत. नाच दूरदेशी गेला, तरी तो कोणी घडवला हे विसरले जाऊ नये, यासाठी त्या गोष्टी हव्याच होत्या. १९९६ साली त्यांच्या आठवणींचे पुस्तक निघाले. २००३ साली त्यांना अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. २०१९ साली, वयाच्या ९९व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ही साखळी तुटलेली नाही. २०२१ साली लटाशा बार्न्स या कृष्णवर्णीय नर्तकीने 'द जॅझ कन्टिन्युअम' हा कार्यक्रम सादर केला. जुना लिंडी हॉप आणि आजचे तरुणांचे नाच एकाच घराण्यातले आहेत, हे तिने त्यातून दाखवले.

मुलांनो, तुमची दादी किंवा नानी तुम्हांला मेंदी काढायला, रजई शिवायला किंवा एखादा खास पदार्थ करायला शिकवत असेल. ती कला नीट शिका. आणि पुढे कोणी तुमचे कौतुक केले, तर शिकवणारीचे नाव आवर्जून सांगा. कला हातापायांनी जपता येते. पण ती देणाऱ्या माणसाची आठवण आपल्याला बोलूनच जपावी लागते.

शब्दार्थ

वारसा – मागच्या पिढीकडून मिळालेली ठेव
नृत्यगृह – नाचण्यासाठी बांधलेली जागा
वाद्यवृंद – वाद्ये वाजवणाऱ्यांचा समूह
चमू – गट
आवर्जून – मुद्दाम, लक्षात ठेवून

स्वाध्याय

१. सॅव्हॉय बॉलरूम आणि कॉटन क्लब यांत कोणता फरक होता?
२. 'लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण कोणासाठी, हे त्यांना कळलेच नाही,' असे लेखात का म्हटले आहे?
३. तुम्हांला एखादी कला शिकवणाऱ्या व्यक्तीविषयी पाच वाक्ये लिहा.