नवरीची साडी : भाड्याची की हक्काची?

लग्नसराई जवळ आली की आमच्या वस्त्यांमधून दोनच गोष्टींची चर्चा ऐकू येते. हॉल कोणता धरायचा आणि बस्ता कुठे फाडायचा. या बस्त्याच्या चर्चेत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. नवरीचे कपडे विकत घ्यायचे की भाड्याने आणायचे? प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु एवढ्याशा प्रश्नावरून मायलेकींनी आठ-आठ दिवस अबोला धरलेली घरे आम्ही पाहिली आहेत, आणि एका दिवसाच्या कपड्यासाठी वर्षभर हप्ते फेडणारे बापही पाहिले आहेत. म्हणून आज या विषयावर चार गोष्टी वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

गेल्या लग्नसराईत आमच्या वस्तीतील एका मुलीचा मंगल परिणय ठरला. वडील ऑटो चालवतात. आई रामदासपेठेतील एका दवाखान्यात आया आहे. मुलगी पदवीधर असून एका खासगी कार्यालयात कामाला जाते. सीताबर्डीकडून पंचशील चौक ओलांडून रामदासपेठेत शिरले की एकीकडे दवाखान्यांच्या पाट्या आणि दुसरीकडे काचेची मोठमोठी दुकाने लागतात. त्यांपैकी एका दुकानाच्या काचेत जरीकामाचा लेहेंगा घातलेला पुतळा उभा होता. आई रोज ड्युटीला जाता-येता तो पाहत असे. लेकीचे लग्न ठरले त्या संध्याकाळी ती आम्हाला म्हणाली, "भाऊ, माह्या पोरीले एक दिवस तरी तसं नटलेलं पाहायचं आहे. तुम्ही संगं चला. हिशेब तुम्हाले समजते."

आम्ही गेलो. दुकान थंडगार होते. आमच्या चपला दाराबाहेर काढाव्यात की नाही, या विचारात आई क्षणभर उंबऱ्यावरच थांबली. लेक मात्र सरळ आत गेली. लेहेंग्याची किंमत विचारली तेव्हा ती तीस हजारांच्या वर निघाली. आईचा चेहरा उतरलेला पाहून दुकानातील मुलीने हळूच सांगितले, "मावशी, हाच भाड्यानेही मिळतो. तीन दिवसांचे सात हजार. दहा हजार डिपॉझिट, ते परत मिळते." मग आम्ही मंगल परिणयासाठी पांढऱ्या साडीची चौकशी केली. तेव्हा तिला नवल वाटले. "लग्नाला पांढरी? पांढरा रंग तर लग्नात चालत नाही ना!" तिचा दोष नाही. तिला कोणी सांगितलेच नसावे. लेकीने तिथल्या तिथे उत्तर दिले, "आमच्यात पांढराच चालतो, ताई."

हे उत्तर ऐकून आम्हाला समाधान वाटले. खरा पेच मात्र घरी गेल्यावर उभा राहिला.

आजीचा सवाल

घरी मुलीची आजी होती. वय ऐंशीच्या घरात. भाड्याच्या कपड्याची गोष्ट निघताच ती ताडकन म्हणाली, "दुसऱ्याच्या अंगावरचं उतरलेलं कापड आपल्या पोरीनं काऊन घालावं? आपल्या बापजाद्यांनी तेच घातलं. आता पोरगी शिकली, कमावते. तरी तेच?"

घरात एकदम शांतता पसरली. कारण आजीचा सवाल केवळ कपड्याचा नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतांची वस्त्रे नेसावीत असे लिहून ठेवले आहे. गावगाड्यात महाराच्या हक्कांमध्ये प्रेतावरच्या कापडाची गणना होत असे. सणावाराला वाड्यावरून उतरलेले लुगडे मिळाले, तर ते उपकार म्हणून डोक्याला लावून घ्यावे लागे. आणि या नागपूर-विदर्भाच्या मुलखात तर आमचे कितीतरी पूर्वज स्वतः जाडेभरडे कापड विणणारे होते. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे हातमागावर पोट भरेना, तेव्हा त्यांतील अनेकांची पोरे गिरण्यांत कामाला लागली. जिथे ती गिरणी होती तिथे आज मॉल उभा आहे. कापड विणणाऱ्याच्या अंगावर मात्र दुसऱ्याने टाकलेले कापड, असा तो न्याय होता.

बाबासाहेबांनी या अन्यायाचे मूळ नेमके ओळखले होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी त्यांनी तेथे जमलेल्या स्त्रियांना उपदेश केला. ज्या पेहरावावरून आणि ज्या दागिन्यांवरून अस्पृश्य म्हणून ओळखता येते, तो पेहराव आणि ते दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. लुगडे फाटके असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असावे. दागिना घालायचा तर सोन्याचा घाला, नाही तर घालूच नका, असा त्यांच्या सांगण्याचा भाव होता. म्हणजे कपड्याचा प्रश्न हा आमच्यासाठी नुसत्या हौसेचा प्रश्न कधीच नव्हता. तो स्वाभिमानाचा प्रश्न आहे.

आजी पुढे बोलत राहिली. १९५६ साली ती दहा-बारा वर्षांची होती. तिच्या आईने पायातल्या तोड्या मोडून दोघींसाठी पांढरे कापड आणले. "बाबासाहेबांच्या समोर उसनं नेसून जायचं नाही, असं माही माय म्हणे." १४ ऑक्टोबर १९५६ रोजी शुभ्र वस्त्रे नेसलेला लाखोंचा समुदाय दीक्षाभूमीवर लोटला, त्यात या मायलेकी होत्या. स्वतः बाबासाहेबही त्या दिवशी पांढऱ्या वेषातच होते.

आणखी एक गोष्ट आमच्या तरुण मुला-मुलींना माहीत असावी. महापरिनिर्वाणाच्या अवघे दोन दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी एका पत्रात बौद्ध विवाहाचा विधी कळविला होता. होम नाही, सप्तपदी नाही. वधू-वरांच्या मध्ये पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मडके ठेवावे. त्यात बुडविलेल्या सुताचे एकेक टोक दोघांनी हाती धरावे. मंगलसुत्त म्हणावे. आणि दोघांनीही पांढरी वस्त्रे परिधान करावीत. बस्. एवढ्या साध्या विधीत कपड्याविषयी सांगितले आहे ते फक्त रंगाबद्दल. किमतीबद्दल नाही.

आता जरा हिशेब

लेकीने आजीचे सगळे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "आजी, ते उतरलेलं होतं ते भीक म्हणून मिळे. हे आपण पैसे मोजून, पावती घेऊन आणतो. ज्याच्या अंगावर काल होतं तोही पैसे मोजूनच घेऊन गेला. इथं कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही." आम्हाला दोघींचेही म्हणणे पटत होते. म्हणून आम्ही कागद-पेन घेऊन बसलो.

तीस हजारांचा लेहेंगा विकत घेतला आणि तो एकदाच अंगावर चढला, तर एका दिवसाचे तीस हजार झाले. तो कपाटात राहणार, जर काळी पडणार. पुढच्या लग्नात तोच घालावा तर फॅशन बदललेली. भाड्याने आणला तर त्याच दिवसाचे सात हजार. उलट, समजा सहा हजारांची चांगली पांढरी साडी घेतली. ती मंगल परिणयात नेसली. पुढे १४ एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी आणि नात्यातल्या लग्नांत मिळून बारा वेळा अंगावर आली, तर एका वेळेला पाचशे रुपये पडले. म्हणजे जे कापड पुन्हा पुन्हा नेसायचे ते विकत घेण्यात शहाणपण आहे. जे एकदाच मिरवायचे, ते भाड्याने आणण्यात. नवरदेवाच्या कोट आणि शेरवानीलाही हाच नियम लागू आहे. पांढरा सदरा-पायजमा शिवून घ्यावा. तो पुढेही कामी येतो. शेरवानी मात्र एका संध्याकाळपुरती असते.

आता कर्जाचे पाहू. लेहेंग्यासाठी तीस हजार उसने काढले आणि व्याज शेकडा दोन रुपये महिना असले, तर वर्षाला व्याजच सात हजार दोनशे होते. म्हणजे भाड्याचे सात हजार वाचवायला निघालो आणि त्याहून जास्त नुसत्या व्याजात गेले, वर मुद्दल आहे तिथेच! सावकाराचा दर शेकडा पाच असेल तर अठरा हजार. २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात, मोहन पार्कवर भरलेल्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते, की लग्न ही जबाबदारी आहे, पैशाच्या दृष्टीने ती पेलण्याची ताकद आल्याशिवाय ती मुलांवर लादू नका. ज्या लग्नाची सुरुवातच कर्जाने होते, तेथे ही ताकद कोठून येणार?

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. बस्त्यातील मोठी रक्कम नवरीच्या कपड्यांत जातच नाही. ती आहेराच्या साड्यांत जाते. व्याहिणीला साडी, मामीला साडी, आत्याला साडी. त्यांतली एकही साडी घेणारी नेसत नाही. तीच पुढच्या लग्नात दुसरीला आहेर म्हणून जाते. त्या घरी आम्ही यादी केली तेव्हा बावीस साड्या निघाल्या. व्याह्यांशी स्पष्ट बोलून दोन्ही बाजूंनी आहेर बंद केला. कोणीही रागावले नाही. उलट त्यांनाही तेच हवे होते. पहिल्यांदा बोलायचे कोणी, एवढाच प्रश्न होता!

भाड्याने आणताना

भाड्याने आणायचे ठरले तर डोळे उघडे ठेवून आणावे. आमच्या स्वतःच्या घरच्या एका लग्नात आम्ही फसलो होतो. कपडा परत द्यायला गेलो तेव्हा ओढणीवर डाग आहे म्हणून अर्धे डिपॉझिट कापले गेले. डाग आधीचाच होता, पण पावतीवर तसे लिहिलेले नव्हते. कारकुनी करण्यात आयुष्य गेले आणि आम्हीच कागद पाहिला नाही! दुसऱ्यांना तरी त्यातून धडा मिळावा म्हणून सांगतो.

कपडा दिवसाच्या उजेडात पाहावा. चेन, हुक, खालची काठ आणि अस्तर उलटे करून तपासावे. डाग किंवा उसवण असेल तर ती पावतीवर लिहून घ्यावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. भाडे किती दिवसांचे, दिवस कोणत्या वेळेपासून मोजणार, उशीर झाला तर किती कापणार, धुलाईचा खर्च कोणाचा, हे सारे आधी विचारावे. फिटिंग करून देतात की नाही ते पाहावे आणि लग्नाच्या दोन दिवस आधी एकदा घालून बघावे. लग्नाची तारीख पावतीवर असावी, नाही तर ऐन वेळी तोच कपडा दुसऱ्याला गेलेला असतो. हळदीच्या कार्यक्रमात भाड्याचा कपडा मुळीच घालू नये, कारण हळदीचा डाग जात नाही. पावती जपून ठेवावी. वाद झाला तर ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, पण कागदाशिवाय तिथे आपले म्हणणे सिद्ध करणे अवघड जाते.

निर्णय

त्या रात्री कागदावरचे आकडे पाहून शेवटी आजीनेच तोड काढली. "मडक्याजवळ उभी राहशील तवा अंगावर आपलं स्वतःचं पाहिजे. संध्याकाळी मग काय घालायचं ते घाल. पण उसनवारी नाही करायची." लेक कबूल झाली. पांढरी साडी इतवारीतून विकत आली. आजीने तिच्या काठावरून तीन-तीनदा हात फिरवून पाहिला. स्वागत समारंभाचा लेहेंगा रामदासपेठेतून भाड्याने आला, तोही लेकीने स्वतःच्या पगारातून आणला. आहेराचे वाचलेले पैसे तिच्या नावाने बँकेत ठेवले गेले.

मंगल परिणय विहारात झाला. त्रिशरण-पंचशील झाले, सुताची दोन टोके दोघांनी धरली. संध्याकाळी लेक लेहेंगा घालून उभी राहिली तेव्हा आई तिच्याकडे पाहतच राहिली. तिसऱ्या दिवशी लेहेंगा परत गेला आणि डिपॉझिट पूर्ण मिळाले. आई सांगते, की आता ड्युटीला जाताना त्या काचेपुढे पाय थांबत नाहीत.

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवरच्या गर्दीत ते कुटुंब आम्हाला पुन्हा भेटले. लेकीने तीच पांढरी साडी नेसली होती. आजीचा हात धरून ती तिला रांगेतून पुढे नेत होती. आम्हाला पाहून आजी हसली आणि म्हणाली, "हे आमचं हक्काचं हाये, भाऊ. हे परत नाही करायचं."

बंधू-भगिनींनो, कपडा भाड्याचा असला म्हणून कोणी लहान होत नाही आणि विकतचा असला म्हणून कोणी मोठा होत नाही. लाज बाळगायची तर ती कर्जाची बाळगावी. येत्या लग्नसराईत बस्ता फाडायला निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी, नवऱ्यामुलीसह आणि आजीसह, एकदा कागद-पेन घेऊन बसावे, एवढीच आमची विनंती.

जयभीम!