नवे काम काढण्याआधी

गावात नवे काम काढायचे म्हणजे पैसा लागतो. जवळ असतो तो थोडा. उरलेला बँकेकडून घ्यावा लागतो. तिथे गेलो की साहेब म्हणतात, "प्रस्ताव लिहून आणा."

हा शब्द ऐकला की पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. वाटते, हे शिकलेल्यांचे काम. मग तालुक्याला कुणाला तरी पैसे देऊन कागद लिहून घेतात. त्यात काय लिहिले आहे ते आपल्यालाच ठाऊक नसते. पूर्वी न वाचता अंगठा उठवत होतो, आता न वाचता सही करतो. मग शिकून काय मिळवले?

प्रस्ताव ही काही अवघड गोष्ट नव्हे. पाच प्रश्नांची खरी उत्तरे म्हणजे प्रस्ताव. गरज काय आहे? आपण काय करणार? खर्च किती? मिळकत किती? आणि अडचण आली तर काय करणार? बस्स, एवढेच.

एक उदाहरण घेऊ. दीडशे घरांचे एक गाव आहे असे समजा. गावात पिठाची गिरणी नाही. दळण घेऊन चार किलोमीटर जावे लागते. गावात चौदा बायकांचा बचत गट आहे. दर महिन्याला थोडे थोडे टाकून त्यांनी ३०,००० रुपये साठवले आहेत. त्यांच्या मनात आले, आपणच गिरणी घालावी.

बैठकीत एक जण म्हणाली, "अगं, गिरणी घातली की गिऱ्हाईक येतंयच! दळणाशिवाय कुणाचं भागतंय का?"

दुसरी म्हणाली, "येतंय खरं, पण किती येतंय? मोजलंय का कुणी?"

इथेच प्रस्तावाची सुरुवात होते.

गरज मोजा

नुसते 'गावाला गिरणीची फार गरज आहे' असे लिहून भागत नाही. किती गरज आहे ते मोजावे लागते. बायका घरोघर गेल्या. आठवड्याला किती दळण लागते, ते वहीत लिहून घेतले. सरासरी एका घराचे ८ किलो भरले. काही घरांत घरगुती चक्की होती. काहींचा शेजारच्या गावच्या गिरणीवाल्याशी जुना संबंध होता. ती घरे सोडून दिली. 'आम्ही तुमच्याकडे दळू' असे म्हणणारी १०० घरे निघाली. त्यांच्या सह्या घेतल्या.

१०० घरांचे आठवड्याला ८०० किलो. महिन्याचे चार आठवडे धरू. म्हणजे ३,२०० किलो.

खर्च दोन प्रकारचा

एक खर्च सुरुवातीला एकदाच होतो. गिरणी, मोटार, विजेची जोडणी, पत्र्याची शेड. दोन-तीन दुकानांतून दरपत्रके आणावीत. एकाच दुकानदाराच्या तोंडी भावावर जाऊ नये. हा सगळा खर्च १,२०,००० रुपये आला असे समजू. गटाचे ३०,००० घातले. ९०,००० कर्ज हवे.

दुसरा खर्च दर महिन्याचा. तो लोक विसरतात आणि तिथेच फसतात. गिरणी चालवणाऱ्या बाईला ४,५०० रुपये. पट्टा, तेल, दगडाला टाकी लावणे यांसाठी ७०० रुपये. विजेचे बिल २,४०० रुपये. एकूण ७,६०० रुपये.

मिळकत मांडा

दळणाचा दर किलोला ४ रुपये धरू. ३,२०० किलोचे १२,८०० रुपये झाले. त्यातून ७,६०० वजा केले. उरले ५,२०० रुपये. कर्ज तीन वर्षांत फेडायचे, तर व्याज धरून हप्ता सुमारे ३,००० रुपये बसेल. म्हणजे गटाच्या हाती महिन्याला २,२०० रुपये राहतील.

हिशेब जमला. पण इथे थांबू नये.

उलटा हिशेब करा

आता स्वतःलाच विचारा, गिऱ्हाईक कमी आले तर? समजा, ६० घरेच आली. मिळकत ७,६८० रुपये. वीज कमी लागेल, तिचे १,४४० रुपये. पण बाईचा पगार आणि दुरुस्ती कमी होणार नाही. खर्च ६,६४० रुपये. उरले १,०४० रुपये. हप्ता तर ३,००० रुपयांचा! दर महिन्याला १,९६० रुपये घरातून घालावे लागतील.

८० घरे आली तर? हप्ता भरून १२० रुपये उरतात. म्हणजे ८० घरे ही या गिरणीची लक्ष्मणरेषा आहे. तिच्या आत काम तरते, खाली गेले की बुडते.

तेवढ्यात एकीला आठवले, "दसऱ्यानंतर आमच्या आळीतली पंधरा घरं ऊसतोडीला जातात. उन्हाळ्यापर्यंत कुलूप असतंय." ही गोष्ट गावच्याच माणसाला कळते. तालुक्याच्या लेखनिकाला ती कुठून कळणार? १०० मधून १५ गेली, राहिली ८५. हप्ता भरून ६४० रुपये उरतात. काम तरते, पण जेमतेम. म्हणून गटाने ठरवले, चांगल्या महिन्यांतले पैसे लगेच वाटून घ्यायचे नाहीत. ओढीच्या महिन्यांसाठी बाजूला ठेवायचे.

आमच्या पाहण्यात एक गिरणी आहे. मोटारीला गंज चढला आहे, दाराला कुलूप आहे आणि हप्त्यांसाठी घरातले डोरले मोडले आहे. तिथेही प्रस्ताव होता, बँकेने तो मंजूरही केला होता. पण आकडे खरे नव्हते. कागद बँकेसाठी लिहिला होता, स्वतःसाठी नाही. बँकेची मंजुरी मिळाली म्हणजे धंदा चालणारच, असे नव्हे. कर्ज आपल्यालाच फेडायचे असते.

आता लिहा

एवढा हिशेब झाला की लिहिणे सोपे आहे. गटाने असे लिहिले :

'मा. शाखाधिकारी यांस. विषय : पिठाच्या गिरणीसाठी ९०,००० रुपये कर्ज मिळणेबाबत. आमच्या गावात १५० घरे असून गिरणी नाही. दळणासाठी ४ किलोमीटर जावे लागते. १०० घरांनी आमच्याकडे दळण्याचे मान्य केले आहे. त्यांच्या सह्यांची यादी जोडली आहे. एकूण खर्च १,२०,००० रुपये आहे. त्यात गटाचे ३०,००० रुपये आहेत. महिन्याची मिळकत व खर्च यांचा तक्ता जोडला आहे. काही घरे ऊसतोडीला जातात, त्या महिन्यांचा हिशेब वेगळा दिला आहे. त्यासाठी आम्ही शिल्लक राखून ठेवू. कर्ज तीन वर्षांत फेडू.'

सोबत गटाचा ठराव, दरपत्रके, जागेचा कागद आणि बचतीचे पासबुक जोडावे. एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. तिच्यावर बँकेची पोच घ्यावी. तारीख घालायला विसरू नये.

पाहा, यात एकही जड शब्द नाही. अडचणही लपवलेली नाही. अडचण सांगितली तर कर्ज मिळणार नाही, असे काहींना वाटते. पण साहेबांनी 'सगळी घरे बारा महिने गावात असतात का?' असे विचारले, आणि आपल्यापाशी उत्तर तयार असले, तर आपल्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

बचत गटांना बँकेशी जोडण्याचे काम नाबार्डने १९९२ साली सुरू केले. तेव्हापासून असंख्य बायका बँकेची पायरी चढल्या आहेत. तेव्हा बिचकू नका.

ही रीत फक्त लहान कामांची नाही. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, लोणी येथे १९५० साली शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील या शेतकऱ्याने गावोगाव फिरून भागभांडवल जमवले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ऊस किती मिळेल, भांडवल किती जमेल, कर्ज कसे फिटेल, हे प्रश्न कारखान्यालाही सुटत नाहीत. गिरणी असो की कारखाना, आकडे लहानमोठे असतील, पण प्रश्न तेच.

आणि हिशेब केल्यावर काम जमत नाही असे दिसले तर? तर वाईट वाटून घेऊ नका. फार तर चार कागद वाया गेले. चौदा बायकांची बचत वाचली. मग दुसरे काम शोधा आणि त्याचा हिशेब मांडा.

तुमच्या गावात कोणते काम काढावे असे तुम्हाला वाटते? आज वही घ्या. पाच प्रश्न लिहा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर घरी बसून लिहू नका. आधी दहा घरांत विचारून या.