विश्लेषण : लिनक्सच्या पडद्यामागे काय बदलले?

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे जव्हार, मोखाड्यासारख्या डोंगराळ, आदिवासीबहुल तालुक्यांतील शाळेत किंवा सेवा केंद्रात जुना संगणक असेल, तर लिनक्स हा बिनखर्चाचा पर्याय ठरतो. मात्र लिनक्सची पडद्यावर चित्र उमटवण्याची पद्धतच सध्या बदलत आहे.

नेमके काय बदलले?

लिनक्सवर अनेक वर्षे ‘एक्स ११’ या व्यवस्थेने खिडक्या, अक्षरे आणि माउसचा बाण दाखवला. ती १९८७ सालची. तिची जागा घेणाऱ्या ‘वेलँड’चे काम २००८ मध्ये सुरू झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या उबुंटू २५.१० आणि फेडोरा ४३ यांच्या ‘नोम’ डेस्कटॉपमधून जुन्या पद्धतीने लॉगिन करण्याचा पर्यायच काढण्यात आला.

फायदा काय?

एक्स ११ मध्ये एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्राममध्ये टंकलेले वाचू शकतो. पासवर्डही त्याला अपवाद नाही. वेलँडमध्ये हा मार्ग बंद आहे. अनेक जण वापरत असलेल्या सामायिक संगणकासाठी हे महत्त्वाचे. व्हिडीओ पाहताना चित्र मधूनच आडवे फाटल्यासारखे दिसणेही थांबते. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर या दोन पडद्यांवर अक्षरांचा आकार वेगवेगळा ठेवता येतो. जुने प्रोग्राम ‘एक्सवेलँड’ या दुव्यामार्फत चालतात.

अडचणी कोणत्या उरल्या?

पडदा १२५ किंवा १५० टक्के मोठा केल्यास काही जुन्या प्रोग्राममधील अक्षरे धूसर दिसतात. दूरवरून संगणक हाताळण्याची आणि पडदा चित्रित करण्याची काही जुनी साधने चालत नाहीत. एनव्हिडियाच्या नव्या कार्डांची लुकलुक २०२४ च्या ड्रायव्हरनंतर बरीच कमी झाली. खूप जुन्या कार्डांना मात्र कंपनीचे नवे ड्रायव्हर मिळत नाहीत. इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स असलेल्या संगणकांना सहसा त्रास कमी.

प्रोजेक्टरचे दुखणे वेगळेच. पडदा आपली क्षमता केबलमधून संगणकाला कळवतो. स्वस्त एचडीएमआय-व्हीजीए जोडणीत ही माहिती हरवली, तर चित्र लहान किंवा ताणलेले दिसते. एक्स ११ मध्ये हाताने आज्ञा देऊन नवा आकार लादता येई. वेलँडमध्ये ती जुनी युक्ती लागू पडत नाही. अशा वेळी आधी केबल बदलून पाहावी.

जव्हार-मोखाड्यात काळजी अधिक का?

शहरात अपडेट फसले तर तासाभरात पुन्हा सगळे उतरवून घेता येते. येथे काही जीबींचे डाउनलोड मोबाइल नेटवर्कवर, तेही पावसाळ्यात वीज टिकली तर. अपडेट सुरू असताना वीज गेल्यास यंत्रणाच अर्धवट राहू शकते. पडदा काळा झाला, तर संगणक दुरुस्तीसाठी घाट उतरून न्यावा लागतो आणि तोवर मुलांचा वर्ग थांबतो.

मग करावे काय?

नवी आवृत्ती आधी पेनड्राइव्हवर घेऊन ‘लाइव्ह’ चालवावी. संगणकातील फायलींना धक्का लागत नाही. तेव्हाच प्रोजेक्टर जोडून चित्र, आवाज आणि मराठी टंकलेखन तपासावे. स्थैर्य हवे असल्यास उबुंटू २४.०४ पुरेसे आहे. त्याला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात आणि लॉगिनच्या वेळी दातेरी चाकाच्या चिन्हावरून जुनी पद्धतही निवडता येते. लिनक्स मिंटमध्ये अजूनही एक्स ११ हीच मुख्य पद्धत आहे.

नवी पद्धत अधिक सुरक्षित आहे, आज ना उद्या ती स्वीकारावीच लागेल. पण परीक्षेच्या किंवा दाखले वाटपाच्या आदल्या दिवशी ‘अपडेट’चे बटण दाबू नये.