संशोधनलेख धाडण्यापूर्वीं

मानवतच्या बाजारांत कोणी म्हणाला, "यंदा एकरीं आठ क्विंटल कापूस झाला," तर ऐकणारास अधिक कांहीं विचारावें लागत नाहीं. हा सरकीसह वेचलेला कापूस, जिनिंगमधून निघालेली रुई नव्हे, हें तो मनांतच समजून घेतो. परंतु हेंच वाक्य दूरदेशींच्या वाचकापुढें छापून गेलें म्हणजे घोंटाळा होतो. सरकीसह कापसांतून रुई निघते ती सुमारें एक तृतीयांश. तेव्हां "कापूस" हा एक शब्द न उलगडतां ठेवल्यास आंकड्यांत तिपटीचा फरक पडूं शकतो. संशोधनलेख सिद्ध करणें म्हणजे बहुतांशीं असे गृहीत धरलेले शब्द उलगडून मांडणें होय.

श्रोतेहो, अशी कल्पना करा कीं मानवतच्या एका अध्यापकानें भोंवतालच्या काळ्या जमिनींत कापसाच्या दोन वाणांची तीन हंगाम तुलना केली आहे. नोंदवह्या भरल्या आहेत. आतां लेख एखाद्या शास्त्रीय नियतकालिकाकडे धाडावयाचा आहे. प्रस्तावनेपासून आरंभ करावा व कापसाच्या महतीवर दोन पानें खर्चावीं, असा मोह बहुतेकांस होतो. माझ्या मतें आधीं तक्ते व आलेख मांडावे, मग प्रयोग कसा केला तें लिहावें, आणि प्रस्तावना त्यानंतर. सारांश छापतात सर्वांत वर, पण लिहावा सर्वांत शेवटीं. कारण तोंपर्यंत आपणांस नेमकें काय सांगावयाचें आहे, हें पुष्कळदां आपल्यालाच ठाऊक नसतें.

खरी कसोटी प्रयोगाच्या वर्णनाची. स्थळ म्हणून नुसतें "मानवत" लिहून भागत नाहीं. "मानवत रोड" हें रेल्वेचें स्थानक गांवापासून दूर आहे, आणि नकाशा पाहणारा परका वाचक दोहोंची गल्लत करील. म्हणून अक्षांश-रेखांश द्यावे. पेरणीची तारीख, त्या हंगामाचा पाऊस, दोन ओळींतील अंतर, खताचें प्रमाण हीं तर हवींतच. कोणत्या तुकड्यांत कोणता वाण पेरावा हें चिठ्ठ्या टाकून ठरविलें कीं सोयीप्रमाणें, हेंहि सांगावें. एखादा तुकडा पाण्याखालीं गेला म्हणून हिशेबांतून गाळला असेल, तर तसें स्पष्ट लिहावें. परीक्षकास ती गोष्ट आपण होऊन सांगितली तर तो समजून घेतो. त्याला ती आंकड्यांवरून शोधून काढावी लागली, तर सगळा लेखच संशयांत येतो.

अट सांगण्याचें मोल किती, तें दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या शोधावरून ध्यानांत येईल. हे गृहस्थ १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळाशिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांनीं घेतलें नव्हतें. कोणतीहि चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमानें मांडा, मग चढत्या क्रमानें, आणि मोठ्या संख्येंतून लहान वजा करा. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ जाऊन ३०८७ उरतात; पुढें ८७३० मधून ०३७८ जाऊन ८३५२; मग ८५३२ मधून २३५८ जाऊन ६१७४. यानंतर कितीहि वेळां वजाबाकी करा, उत्तर ६१७४ च! १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत त्यांनीं हें मांडलें. पण ११११ घेऊन पाहा: पहिल्याच वजाबाकीस शून्य येतें. १००० घेतल्यास ९९९ उरतात, आणि त्यापुढें शून्य लिहून ०९९९ असे चार अंक धरले नाहींत, तर तेथेंहि गाडी अडते. या दोन अटी लिहिल्या म्हणजे विधान प्रत्येक चार अंकी संख्येस लागू पडतें, आणि तेंहि फार तर सात पायऱ्यांत. न लिहिल्या, तर तें सरळ खोटें ठरतें. कापरेकरांचें यावरील टिपण न्यूयॉर्कच्या "स्क्रिप्टा मॅथेमॅटिका"त अवघ्या दोन पृष्ठांत मावलें. तेव्हां लेखाखालीं लहान गांवाचा पत्ता आहे, म्हणून कोणीं संकोचूं नये.

मात्र परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. तेथील पूर्वींचें काम न पाहतां "असा प्रयोग प्रथमच" असें लिहिणें फाजील धाडसाचें होईल. संदर्भग्रंथांच्या यादींत आपण स्वतः वाचलेलेंच द्यावें. नियतकालिकाच्या लेखकांसाठींच्या सूचना असतात, त्या शब्दशः पाळाव्या, आणि लेख एका वेळीं एकाच ठिकाणीं धाडावा.

हें ठिकाण निवडतांना मात्र फार जपावें लागतें. पैसे भरले कीं आठवड्याभरांत, परीक्षण न करितां लेख छापणारीं नियतकालिकें बोकाळलीं आहेत. बढतीची निकड असलेला अध्यापक त्यांचें हुकमी गिऱ्हाईक. विद्यापीठ अनुदान आयोगाची "केअर" नांवाची यादी २०२५ सालीं बंद झाली, त्यामुळें पारख आतां लेखकावर व त्याच्या संस्थेवर आली आहे. संपादकमंडळांतील नांवें खरीं आहेत काय, मागील अंकांतील लेख वाचण्याजोगे आहेत काय, एवढें तरी पाहावें. कारण एकदां छापलेला लेख चांगलें नियतकालिक पुन्हां घेत नाहीं. तीन हंगामांचे कष्ट तेथेंच अडकून पडतात.

चांगल्या ठिकाणाहून उत्तर येण्यास महिने लागतात, आणि तें बहुधा आक्षेपांनीं भरलेलें असतें. तें वाचून दोन दिवस बाजूस ठेवावें. मग प्रत्येक आक्षेप उतरवून घेऊन त्याखालीं आपलें उत्तर लिहावें. जेथें परीक्षकाचें म्हणणें पटत नाहीं, तेथें कारण देऊन तसें सांगावें. बदललेल्या ओळींचे क्रमांक दिले म्हणजे संपादकास जुनी प्रत शेजारीं ठेवून शोधाशोध करावी लागत नाहीं.