घोडा नाही? मग बारगीर व्हा!

मित्रांनो, माथेरानला किंवा पाचगणीला गेलं की घोड्यावरची एक तरी फेरी हवीच, हो ना? पण "मला घोडेस्वारी शिकायचीय," असं घरी म्हणून बघा. आई विचारेल, "मग शाळा, क्लास, गृहपाठ कधी करणार?" बाबा म्हणतील, "घोडा पोसणं म्हणजे काय गंमत आहे?" त्यांचं काही चूक नाही. ४०० किलो वजनाच्या घोड्याला रोज साधारण ८ किलो सुका चारा लागतो, २५-३० लिटर पाणी लागतं. शिवाय नाल, औषधपाणी, जागा. घोडं अडतं ते इथंच!

पण इतिहासातला बारगीर आठवतो का? शिवाजी महाराजांच्या घोडदळात शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. बारगिराला तो सरकारातून मिळे. म्हणजे घरी घोडा नसला तरी चांगला स्वार होता येतं. त्यासाठी आधी घोडा समजून घ्यायला हवा, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

अमेरिकेच्या पश्चिम भागात कोऱ्या घोड्याला 'मोडून' काढायची जुनी रीत होती. त्याला दोरांनी जखडायचं, पाठीवर चढायचं आणि तो थकून हार मानेपर्यंत उतरायचं नाही. यात माणसंही जखमी होत आणि घोडेही. ऑरेगन राज्यात १९१० साली जन्मलेल्या टॉम डोरन्स यांना हे पटेना. घोडा असा का वागतो, हे त्याच्या बाजूनं बघायला त्यांनी सुरुवात केली. त्यांचे शिष्य रे हंट यांनी ठिकठिकाणी वर्ग घेऊन ही पद्धत पसरवली. तिलाच आज 'नॅचरल हॉर्समनशिप' म्हणतात. गंमत म्हणजे, झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीनं सुमारे २,४०० वर्षांपूर्वीच घोड्याला मारून नव्हे, तर समजून शिकवा, असं लिहून ठेवलं होतं.

आता घोड्याच्या डोक्यात शिरू या. तो गवत खाणारा, कळपात राहणारा प्राणी. वाघ-लांडग्यांपासून जीव वाचवायचा त्याचा एकच उपाय, तो म्हणजे पळणं! त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते फक्त कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं. म्हणून मागून गेलात तर तो दचकून लाथ मारतो. तो रागीट नसतो, घाबरलेला असतो. आणि घाबरलेल्या घोड्याला चाबूक मारला, तर भीती कमी होईल की वाढेल? तुम्हीच सांगा.

मग तो शिकतो कसा? दोरी हलकेच ओढली की त्याच्या म्होरकीवर थोडा ताण येतो. त्यानं एक पाऊल पुढे टाकलं की त्याच क्षणी दोरी सैल सोडायची. 'असं केलं की ताण जातो,' हे तो लगेच ओळखतो. दोरी ओढण्यापेक्षा ती वेळेवर सोडण्यात खरं कौशल्य आहे. उशिरा सोडलीत तर बिचाऱ्याला कळणारच नाही की आपलं बरोबर आलं होतं!

याचा सराव घरीच करा. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. ताई किंवा दादा डोळे मिटून दोरीचं एक टोक धरेल, दुसरं तुमच्या हातात. न बोलता, कमीत कमी ओढून त्याला अंगणात फिरवा. मग अदलाबदल करा. 'घोडा' झाल्यावर कळेल, हिसका बसला की कसं वाटतं ते!

रविवारी जवळपासच्या घोडेवाल्या काकांकडे, मोठ्यांना बरोबर घेऊन जा. पहिल्या रविवारी नुसतं बघा. कान पुढे असले तर त्याचं कशाकडे तरी लक्ष आहे, मागे चिकटले तर तो चिडलाय, एक मागचा पाय सैल असला तर तो निवांत आहे. पुढच्या रविवारी परवानगी घेऊन खरारा करायला मदत करा. मान संपते तिथल्या उंचवट्याजवळ हळूच खाजवा. घोडे एकमेकांना तिथंच खाजवतात. फ्रान्समध्ये झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तिथं खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावलेले दिसले. मग त्याला दोरीनं चालवायला, थांबवायला, एक पाऊल मागे घ्यायला शिका. पंधरा मिनिटं पुरेत. जमलं की तिथंच थांबा. पाठीवर बसायची पाळी त्यानंतर.

पालकांनो, काटकसर करा, पण शिरस्त्राणात, म्हणजे हेल्मेटमध्ये मुळीच नको. मुलांच्या पायात बूट हवेत. दोरी हाताला गुंडाळू देऊ नका. घोडा उधळला तर मूल फरफटत जाईल. आणि मुलांना शिकवणारा माणूस निवडताना तो घोड्याशी कसा वागतो, ते आधी पाहा.

वर्षभरानं कदाचित तुम्ही फार वेगानं दौडणार नाही. पण तुम्ही जवळ गेल्यावर घोडा मान खाली घालून शांत उभा राहिला, तर समजा, बारगिराची पहिली परीक्षा तुम्ही पास झालात!