राष्ट्रपतींनी सहीच केली नाही तर काय होतं?

“राष्ट्रपती म्हणजे नुसता रबरी शिक्का.” एखाद्या वादग्रस्त विधेयकावर सही झाली की कमेंटमध्ये हे वाक्य हमखास दिसतं. ते बरंचसं खरं आहे, पण पूर्ण नाही. त्यासाठी १९८६ सालात जावं लागेल.

तेव्हा राजीव गांधींचं सरकार होतं आणि लोकसभेत काँग्रेसचे ४०० हून जास्त खासदार. सरकारने टपाल कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर करून घेतलं. लोकांची पत्रं अडवण्याचे सरकारचे अधिकार त्यात वाढवले होते. त्यावर बरीच टीका झाली, पण बहुमतापुढे ती टिकणार कशी? विधेयक सहीसाठी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्याकडे गेलं आणि तिथेच थांबलं.

झैलसिंग यांनी सही केली नाही, नकार दिला नाही आणि विधेयक परतही पाठवलं नाही. कागद टेबलावर तसाच राहिला. १९८७ मध्ये त्यांची मुदत संपली, तरी निर्णय नाहीच. यालाच ‘पॉकेट व्हेटो’ म्हणतात.

हे शक्य झालं ते राज्यघटनेतल्या एका मोकळ्या जागेमुळे. कलम १११ नुसार राष्ट्रपती विधेयकाला मंजुरी देऊ शकतात, रोखू शकतात किंवा (अर्थविधेयक नसेल तर) फेरविचारासाठी संसदेकडे परत पाठवू शकतात. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं की मंजुरी रोखता येत नाही. पण पहिल्यांदा विधेयक आल्यावर किती दिवसांत निर्णय घ्यायचा, याची मुदत कलमात नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला रविवार वगळून १० दिवस मिळतात.

एरवी मात्र राष्ट्रपतींचे हात चांगलेच बांधलेले असतात. कलम ७४ प्रमाणे त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावं लागतं. फाशीच्या कैद्याचा दयेचा अर्जसुद्धा त्याच सल्ल्याने निकाली निघतो. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने एक सवलत दिली: सल्ला पटला नाही तर तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. एकदाच. दुसऱ्यांदा तोच सल्ला आला की मानावा लागतो.

एकदाच म्हटलं तरी हे हत्यार बोथट नाही. १९९७ मध्ये गुजराल सरकारने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी ती परत पाठवली आणि सरकारने विषय सोडून दिला. १९९८ मध्ये बिहारची शिफारसही त्यांनी परत केली. ती पुढच्या वर्षी पुन्हा आली, तेव्हा सही करावी लागली. २००६ मध्ये अब्दुल कलाम यांनी ‘लाभाचे पद’ विधेयक परत पाठवलं. संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि कलामांनी सही केली.

याच्या उलट उदाहरण २५ जून १९७५ च्या रात्रीचं. मंत्रिमंडळाची बैठकही झालेली नव्हती. फक्त पंतप्रधानांच्या शिफारशीवर राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या आदेशावर सही केली. मंत्र्यांना सकाळी कळलं. आता तसं करता येणार नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येत नाही, ही अटही ४४ व्या घटनादुरुस्तीनेच घातली.

टपालाच्या त्या विधेयकाचं पुढे काय झालं? झैलसिंग यांच्यानंतरचे राष्ट्रपती आर. वेंकटरमण यांनी १९९० मध्ये, दिल्लीतलं सरकार बदलल्यावर, ते संसदेकडे परत पाठवलं. त्याचा कायदा कधीच झाला नाही. पण डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा टपाल कायदा मंजूर केला. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी टपाल अडवण्याची आणि उघडण्याची तरतूद त्याच्या कलम ९ मध्ये आहे. राष्ट्रपतींची सही त्याच महिन्यात झाली.