काळ्याची चाल, पांढऱ्याचे हाल!

भंडारा, तुमसर, साकोलीच्या पटवीरांनो, काळी मोहरी वाट्याला आली की तोंड पाडता? आता नाही पाडायचं!

माहीत आहे का? आपल्या शेजारच्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला, तो काळ्या मोहऱ्यांनीच! 28 जुलै 2025, जॉर्जियातलं बाटुमी, समोर कोनेरू हंपी. टायब्रेकचा दुसरा रॅपिड डाव दिव्यानं काळ्यानं मारला आणि एकोणिसाव्या वर्षी ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. भंडाऱ्याहून तासा-दीड तासावर राहते ही वाघीण!

मग काळ्यानं प्यादं फेकून हल्ला चढवायचा? बिनधास्त! फक्त गॅम्बिट पक्कं हवं. माझी कसोटी एकच: पांढऱ्यानं उत्तर पाठ केलेलं असलं तरी आपला डाव उभा राहतो का?

बेन्को गॅम्बिटमध्ये राहतो. तिसऱ्याच चालीला बी5! वजिराच्या बाजूचं प्यादं गेलं, पण ए आणि बी पट्ट्या मोकळ्या झाल्या, हत्ती सुसाट. आणि गंमत बघा, वजीर पटावरून गेले तरी हा दबाव हटत नाही. हल्ल्याचं गॅम्बिट आणि एंडगेममध्येही ताजंतवानं! माझं मत? पहिलं हेच शिका.

मार्शल अटॅकचं तर नशीबच अजब! 1918, न्यूयॉर्क. फ्रँक मार्शलनं किल्लेकोट करून आठव्या चालीला डी5 टाकलं आणि कापाब्लांकाकडून तो डाव हरला. पण हत्यार अस्सल निघालं. पुढं खुद्द कास्पारोव्ह आठव्या चालीला ए4 खेळून ते टाळायचा. हरलेल्या डावाची एवढी दहशत!

झटपट मात आवडते? बुडापेस्ट गॅम्बिट घ्या. पांढऱ्यानं हावरटपणे उंट खाल्ला की आठव्या चालीला घोडा डी3 वर आणि खेळ खल्लास! राजा आपल्याच माणसांत कोंडून गुदमरतो. सापळा चुकला तरी डाव बरा खेळता येतो.

एंग्लंड गॅम्बिटमध्येही आठव्या चालीला मात होते, वजीर सी1 वर. पण पांढऱ्याला उत्तर माहीत असलं तर प्यादं फुकट गेलं. स्पर्धेत नकोच!

आता माझं लाडकं, अल्बिन काउंटर गॅम्बिट. 1893 मध्ये अल्बिन ते थेट लास्करवर खेळला. पुरतं पक्कं नाही, पण त्यातला एक सापळा बघाच. काळ्याचं प्यादं सातव्या चालीलाच शेवटच्या घरात पोचतं. वजीर करणार ना? छे! घोडा करायचा, तोही शह देत!